शेवटचं पान वाचणाऱ्या कलशेट्टी बाई

कलशेट्टी बाईंच्या डब्यातली शेंगाचटणी खायची असेल तर आधी तिची वंशावळ ऐकावी लागायची. कडक भाकरीचा तुकडा मोडून आपण चटणीकडं हात नेला की बाई डबा दोन बोटं मागं ओढायच्या आणि म्हणायच्या, "थांबा की गुरुजी. मूळ चटणी आमच्या थोरल्या जाऊबाईंची, नागणसूरच्या. त्या तिखट कमी घालतात. लसूण मी वाढवलाय. आणि उखळात कुटायची सोडून मिक्सरला लावली, ते पाप सुनेचं. हं, आता खावा."

एकदा भूक अनावर झाली होती, तेव्हा मी चिडून म्हणालो, "अहो बाई, चटणी आहे ती, सातबारा नव्हे."

"जाऊबाई इथं असत्या तर तुम्ही त्यांना 'झकास झालीय' म्हणाला असता की नाही? त्या इथं नाहीत. मग त्यांच्या वाटचं कोण सांगणार?" असं म्हणून त्यांनी डबा पुढं सरकवला. मी मुकाट्यानं "झकास झालीय, जाऊबाई" असं म्हणून खाल्ली. एवढी वर्षं झाली, पण त्या जाऊबाईंना मी आजवर पाहिलेलं नाही आणि तरी त्यांचा हात कसा आहे ते मला पाठ आहे.

आमची शाळा मंद्रूपच्या पुढं, भीमेकडं उतरणाऱ्या रस्त्याला. दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, पहिली ते चौथी आणि दोन शिक्षक. त्यातल्या बाई मुख्याध्यापिका आणि उरलेला मी. दोघंही राहायला सोलापुरात. बाई एसटीनं मंद्रूपपर्यंत यायच्या आणि तिथून माझ्या मोटारसायकलवर मागं बसायच्या, मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. गाडी खड्ड्यात आपटली की त्या कन्नडमधून देवाचं नाव घ्यायच्या, आणि मग माझं.

उंचीनं बेताच्या, अंगावर बहुतेक वेळा इरकल साडी, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. ती पेन्सिल म्हणजे बाईंचं कुंकू, ती नसेल तर चुकल्यासारखं वाटायचं. घरी कन्नड, शाळेत मराठी, भाजीवाल्याशी दखनी हिंदी. राग आला की मात्र कन्नडमधून आकडे मोजायच्या. ओंदु, येरडु, मूरु... बहुतेकांच्या बाबतीत पाचाच्या आत राग उतरायचा. माझ्या बाबतीत दहापर्यंत जायला लागायचं, आणि एकदा त्या पुष्कळ पुढं गेल्या होत्या. ते पुढं येईलच.

"कुणाचं?" हा बाईंचा लाडका प्रश्न. दारातली रांगोळी आवडली, कुणाची? पोरानं विनोद सांगितला, कुणाकडनं ऐकलास? सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडं होतं. मी व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेलं वाक्य लिहायचो आणि खाली एखाद्या थोर पुरुषाचं नाव ठोकून द्यायचो. एके दिवशी बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "हे ते कधी म्हणाले?" मी म्हणालो, "म्हणाले असतील की कधीतरी. एवढे थोर होते." बाईंनी ओल्या फडक्यानं नाव पुसलं आणि तिथं लिहिलं, 'कुणाचं ते माहीत नाही.' पुढं वर्षभर आमच्या शाळेतले सगळे सुविचार त्याच एका गृहस्थाचे होते. पोरांना वाटायचं, हा कुणीतरी लई मोठा माणूस असणार.

पण मला त्यांनी खरं पकडलं ते मानपत्रात.

आता हे सांगायला लागणार. आमच्या बाजूला मी मानपत्रवाला म्हणून ओळखला जातो. कुणी निवृत्त झालं, कुणाचा सत्कार निघाला की मानपत्र लिहायला गुरुजींना सांगा. खरी गोष्ट अशी की माझ्या पहिल्या शाळेचे हेडमास्तर, थोरात मास्तर, यांनी एका तालुका मास्तरांच्या निरोपाला एक मानपत्र लिहिलं होतं. अशी भाषा, की तालुका मास्तर स्टेजवर ढसाढसा रडले. ते मानपत्र मी जपून ठेवलं आणि पुढं वीस-बावीस वर्षं नाव बदलून सगळ्यांना देत राहिलो. ग्रामसेवक, पोस्टमन, सोसायटीचे सचिव, सगळे त्याच मानपत्रावर रडले. थोरात मास्तर कधीच वारले होते. विचारणारं कोण?

गावातल्या अंगणवाडीच्या ताई निवृत्त झाल्या तेव्हा मी घाईत होतो. नाव बदललं, 'श्री'चं 'श्रीमती' केलं आणि माईकवर खणखणीत आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. ताईंनी डोळे टिपले. परत येताना मोटारसायकलवर मागनं बाईंचा आवाज आला.

"गुरुजी, ते मूळ कुणाचं?"

"माझंच की."

"मग ताईंचं 'तालमीच्या लाल मातीत कमावलेलं शरीर' कुठनं आलं?"

मी ब्रेक इतका जोरात दाबला की बाईंची पिशवी रस्त्यावर पडली. तालुका मास्तर पैलवान होते, हे मी विसरूनच गेलो होतो! पिशवी उचलेपर्यंत बाई रस्त्याच्या कडेला बसून पोट धरून हसत होत्या. त्यांचं हसू आवरेपर्यंत मी थोरात मास्तरांचं सगळं कबूल करून टाकलं. तेव्हा म्हणाल्या, "घ्यायला माझी ना नाही. चांगलं आहे, घ्या. बदला बी. पण थोरात मास्तरांचं नाव खाली एका ओळीत लिहायला काय हात दुखतो का?" मी पुढच्या वेळी लिहीन म्हणालो. लिहिलं नाही. मानपत्राखाली दुसऱ्याचं नाव लिहिलं तर गावात माझी पत काय राहील, असं मला वाटायचं.

बाईंना हे नावांचं वेड आधीपासूनच असणार, पण त्याला कायदेशीर बळ मिळालं ते सोलापुरातल्या एका प्रशिक्षणात. आम्ही चाळीसएक शिक्षक होतो. एक तरुण पोरगी प्रोजेक्टर लावून सांगत होती की इंटरनेटवर मुलांच्या हजारो गोष्टी मोकळ्या ठेवलेल्या आहेत, त्यांना मुक्त परवाना असतो. आमच्यातले निम्मे लोक उपम्याची वाट बघत होते आणि निम्मे उपमा खाऊन पेंगत होते. बाई एकट्या वहीत लिहीत होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी मला सगळं ऐकवलं.

"प्रत्येक गोष्टीच्या शेवटच्या पानावर बारक्या खुणा असतात, गुरुजी. एक खूण म्हणजे, घ्या, बदला, वाटा, पण आमचं नाव सांगा. दुसरी म्हणजे, बदललंत तर तुमचंही असंच मोकळं सोडा. शेजारणीनं विरजण दिलं तर आपण तिला तेच परत देतो का? आपल्या दुधाचं दही लावतो, आणि तिसरी कोण मागायला आली तर तिला देतो. तसं. आणि एक खूण म्हणजे, वाटा, पण हात लावू नका. जसं आहे तसंच."

"आणि कुणी हात लावला तर? पोलीस येतात का आपल्या गावात?"

"पोलीस कशाला? मी आहे की," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत गोष्टींचा कारखाना सुरू झाला. आमची निम्मी पोरं घरी कन्नड बोलणारी, काही मेंढपाळांची. पुस्तकातली मराठी त्यांना परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटायची. बाई एक मोकळी गोष्ट घ्यायच्या, पोरांना सांगायच्या, आणि पोरं ती आपल्या गावात आणायची. अंधाराला भिणाऱ्या एका अस्वलाची गोष्ट होती. दुसरीच्या पोरांनी सभा भरवून ठराव केला, "बाई, अस्वल नको. म्हस घ्या. आमची म्हस बी भिती." मग बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून गोष्टीखाली लिहिलं, 'अस्वलाची म्हैस केली: इयत्ता दुसरी.'

आणि गोष्ट संपली की वर्गानं उभं राहून नावं म्हणायची, हा नियम. बाई विचारायच्या, "मूळ गोष्ट?" पोरं लिहिणाऱ्याचं नाव ओरडायची. "चित्रं?" चित्रकाराचं नाव. "बदल?" "आमी!" शेवटी बाई हात वर करून म्हणायच्या, "आणि सगळ्यांना?" आणि अख्खा वर्ग तीन टाळ्या वाजवून ओरडायचा, "धन्यवाद!" पत्रा हादरायचा. केंद्रप्रमुख पहिल्यांदा तपासणीला आले होते तेव्हा खुर्चीतून अर्धे उठले होते.

यातूनच ते पुस्तक निघालं. बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि त्यांची एकच इच्छा होती. आमच्या पोरांच्या हातात, त्यांच्या स्वतःच्या बोलीतलं, घरी न्यायला मिळेल असं एक छापील पुस्तक असावं. बहुतेक घरांत छापील म्हणून फक्त कॅलेंडर होतं. गावानं वर्गणी काढली, सोलापुरातला एक छापखानेवाला ओळखीत छापून द्यायला तयार झाला, आणि सव्वीस जानेवारीला प्रकाशन ठरलं.

गोष्ट होती हरवलेल्या कोकराची. लिहिणाऱ्या कुणी तारा, चित्रं काढणाऱ्या कुणी अनीशा, केरळात राहणाऱ्या. चित्रं देखणी होती, पण त्यातली मेंढरं पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी, आणि भोवती बर्फ. आमच्या पोरांनी ती पाहिली आणि हसून लोळली. आमच्याकडची मेंढरं काळी, करडी, अंगावर राठ लोकर. बिरू तात्या म्हणून एक मेंढपाळ पालक आहेत, त्यांची नात तिसरीत. ते सहज शाळेत आले होते. चित्राकडं वाकून बघत म्हणाले, "ह्ये मेंढरू न्हाय. ह्ये कुनाचं तरी पाळीव कुत्रं हाय."

झालं. मेंढरं काळी करायची ठरली. कोकराचं नाव टिकली, आणि ते बर्फाऐवजी उसात हरवलं. मी सोलापुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून चित्रांच्या मोठ्या प्रती काढून आणल्या. पोरांनी त्यावर शाईनं मेंढरं रंगवली, बर्फावर हिरवा ऊस उगवला, एका कोपऱ्यात शाळेची पत्र्याची शेडसुद्धा आली.

आता माझी गोष्ट. दुकानातला पोरगा म्हणाला होता, "सर, शेवटच्या पानाची पण प्रत काढू का? त्याच्यावर नुसती नावं आणि खुणा आहेत." रंगीत पानाचा दर जास्त होता आणि मला घरी जायची घाई. मी म्हणालो, "नको, राहू दे." दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "शेवटचं पान वाचलंत ना, गुरुजी?" मी म्हणालो, "वाचलं की. नेहमीचंच. घ्या, बदला, वाटा."

किती सहज बोललो! त्यात खोटं बोलतोय असंसुद्धा वाटलं नाही. वाचून तरी काय वेगळं असणार होतं?

पंचवीस जानेवारीला दुपारी पुस्तकांचे गठ्ठे आले. तीनशे प्रती. बाईंनी एक प्रत काढली, वास घेतला, पोरांना वास घ्यायला दिला. मग उद्या स्टेजवर सगळी नावं बरोबर म्हटली जावीत म्हणून त्यांनी शाळेच्या टॅबवर मूळ पुस्तक उघडलं आणि शेवटच्या पानावर गेल्या. मी शेडमध्ये पताका लावत होतो. आतून आवाज आला, "गुरुजी, जरा इकडं या."

शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. मजकूर: घ्या, बदला, वाटा. चित्रं: वाटा, पण बदलू नका.

बाई आकडे मोजायला लागल्या. ओंदु, येरडु, मूरु... मी खाली मान घालून उभा. दहा झाले, वीस झाले. तीसच्या पुढं कुठंतरी त्या थांबल्या. "तुम्ही वाचलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "नव्हतं." त्यांनी टॅब बंद केला. म्हणाल्या, "मी स्वतः बघायला पायजे होतं. पुस्तकावर सही माझी आहे." आणि गठ्ठ्याला परत सुतळी बांधायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, कुणाला कळणार आहे? केरळ कुठं, आपण कुठं," मी म्हणालो.

"जाऊबाई पण इथं नसतातच की," एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. सगळा गाव जमलेला. पोरं नवे कपडे घालून, केसांना तेल चोपडून बसलेली, कुणाचं पुस्तकावर नाव आहे म्हणून आज्या-आजोबा पहिल्या रांगेत. बाईंनी माईक घेतला आणि सरळ सांगून टाकलं. चित्रं ज्या बाईंनी काढली त्यांनी बदलायला परवानगी दिलेली नाही. आम्ही न विचारता बदलली. चूक माझी आहे. हे पुस्तक आज मी वाटणार नाही.

शेडमध्ये एकदम गलका झाला. वर्गणी दिलेले लोक होते, त्यांचं बरोबरच होतं. सरपंच उठून म्हणाले, "बाई, केरळात बसलेल्या बाईला आपल्या गावातलं काय कळतंय हो? वाटून टाका. पोरं आशेनं बसल्यात."

"कळणार नाही, हेच तर वाईट आहे, सरपंच. पोरांना रोज नावं म्हणायला लावते मी. आज कोणत्या तोंडानं म्हणायला लावू?"

कोणीतरी मागनं ओरडलं, "न्हाय वाटायची तर छापली कशाला?" पहिल्या रांगेतली एक चिमुरडी रडायला लागली. आणि मी? मी त्यांच्याशेजारी दीड हातावर उभा होतो. सूत्रसंचालन माझ्याकडंच होतं. बाईंनी माईक माझ्या हातात परत दिला होता. एक वाक्य बोलायचं होतं, "शेवटचं पान मी छापलं नाही आणि खोटं बोललो." नाही बोललो. घसा खाकरला आणि म्हणालो, "आता शांतता राखा."

तेवढ्यात बिरू तात्या उठले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांना गलका आवडत नाही. काठी एकदा जमिनीवर आपटली.

"बाई, एक सांगा. ती मेंढरं त्या केरळच्या बाईची हुती, व्हय का न्हाय?"

"हौद्री, तात्या. तिचीच."

"आन् आपन तिला न इचारता तेंच्यावर रंग चढिवला?"

"चढवला."

तात्या लोकांकडं वळले. "माज्या मेंढरांच्या मानंवर गेरूची खूण हाय. उद्या कुनी ती पुसून आपला रंग लावला तर मी त्याच्या डोस्क्यात काठी घालीन. कुटं बी असूं दे, केरळात असूं दे न्हायतर कुटं. तवा बाईंचं बराबर हाय. दुसऱ्याच्या कळपाला रंग लावू ने." मग बाईंना म्हणाले, "आन् मेंढरांची चित्तरं पायजेत तर हितं काय मेंढरं कमी हायत व्हय? उद्या घिऊन येतो."

सरपंच आधी हसले, मग सगळेच हसायला लागले. रडणारी चिमुरडी पण हसली. मला वाटतं तात्यांना स्वतःला कळलंच नाही की त्यांनी काय केलं. बाई मात्र खुर्चीवर बसल्या आणि पदरानं बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अख्खा कळप शाळेच्या आवारात. पोरं वह्या घेऊन चित्रं काढायला बसली आणि मेंढरं आमची रोपवाटिका खायला बसली. वृक्षारोपणाची सतरा रोपं तासाभरात फस्त. एक मेंढा वर्गात शिरला आणि नकाशा खाऊन आला. मी काठी घेऊन धावत होतो, बाई ओरडत होत्या, "हाकलू नका हो गुरुजी, हलतात! पोरांना पाय नीट काढता येईनात!" ती चित्रं मी आजही काढून बघतो. मेंढरांचे पाय कुणाला तीन, कुणाला पाच, पण मानेवरचा गेरूचा पट्टा एकानंही चुकवला नाही. मजकूर तोच राहिला, कारण तो बदलायची मुभा होती. एप्रिलात नवं पुस्तक निघालं. छापखानेवाल्यानं निम्म्यात छापून दिलं. शेवटचं पान बाईंनी मला लिहायला लावलं, आणि त्यात सत्तावीस पोरांची नावं, मूळ लेखिकेचं नाव, आणि आमचंही पुस्तक कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं अशी खूण होती. 'गेरूची खूण: बिरू तात्या' अशी एक ओळ पोरांनी हट्टानं घालून घेतली. पहिल्या तीनशे प्रती गठ्ठे बांधून कपाटात राहिल्या.

त्या केरळच्या अनीशांना बाईंनी चूक कबूल करणारं पत्र लिहिलं होतं, मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं होतं. त्यातही चूक बाईंचीच होती. उत्तर आलं नाही. बाईंनी नवं पुस्तकही पाठवलं. मग जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर, उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की एकदा एका कंपनीनं त्यांच्या चित्रातल्या मुलीच्या हातात न विचारता आपला खाऊचा पुडा काढला होता, तेव्हापासून त्या चित्रांना हात लावू देत नाहीत, आणि यापुढंही देणार नाहीत. पण पुस्तक थांबवलंत म्हणून आभार. आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्या मुलांच्या मेंढरांच्या मानेवरचा तो लाल पट्टा मला फार आवडला. तुम्ही मोकळा सोडलाय हे दिसतंय, तरी विचारते. माझ्या पुढच्या पुस्तकात घेऊ का?

बाईंनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. "विचारलंय, गुरुजी! गरज नसताना विचारलंय!" असं म्हणत त्या अक्षरशः वर्गात पळत गेल्या. त्या वयात, इरकल सावरत. पोरांची सभा भरली. एकानं शंका काढली, "घिऊ दे की, पन नाव?" बिरू तात्यांना बोलावून घेतलं. तात्यांनी विचार करून परवानगी दिली. "लावू दे. पन मानंवरच. पाठीवर लावला तर त्यो पल्याडच्या वस्तीचा हुतो."

त्यानंतरच्या थंडीत बाई निवृत्त झाल्या. मानपत्र अर्थातच माझ्याकडं. मी थोरात मास्तरांचा कागद काढला. रात्रभर जागलो वगैरे काही नाही, जेवण करून बसलो आणि दोन तासांत झालं. तालमीची लाल माती काढली, तिथं गोष्टी घातल्या. बाकी मास्तरांचीच वाक्यं ठेवली, कारण त्यांच्याहून चांगलं मला लिहिता येत नाही. फ्रेम करून आणली.

कार्यक्रमात वाचायला उभा राहिलो. शेवटपर्यंत आवाज नीट होता. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मी म्हणालो, "थांबा. अजून शेवटचं पान आहे." आणि वाचलं.

"मूळ मानपत्र: कैलासवासी थोरात मास्तर. गेली बावीस वर्षं ते स्वतःचं म्हणून वाचणारा: मी. आज त्यात बदल करणारा: मी. आणि 'टिकली'च्या पहिल्या पुस्तकाचं शेवटचं पान न छापता, न वाचता, 'वाचलं' असं बाईंना खोटं सांगणारा, आणि सव्वीस जानेवारीला माईक हातात असून गप्प बसणारा: मीच."

सरपंच माझ्याकडं बघत होते, ग्रामसेवक माझ्याकडं बघत होते. त्यांनाही तेच मानपत्र मिळालं होतं, ते बहुधा आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. माझे कान तापले. पळून जावं असं वाटलं. मग स्टेजवरच्या खुर्चीतून बाई उठल्या, पोरांकडं वळल्या आणि नेहमीसारखा हात वर केला.

"आणि गुरुजींना?"

तीन टाळ्या. "धन्यवाद!" पत्रा हादरला. मी फ्रेम तोंडासमोर धरली, कारण तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंना न्यायला मुलगा जीप घेऊन आला. शाली, नारळ, हार सगळं मागं भरलं. बाई पुढं बसल्या, फ्रेम मांडीवर. जीप सुरू झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. अंबाड्यातली पेन्सिल काढून त्या फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होत्या. मी खिडकीशी गेलो.

"काय लिहिताय, बाई?"

"बदल," त्या म्हणाल्या. "बदल केला की सांगायला नको का?"

त्यांनी फ्रेम उलटी करून काचेला लावली. बाईंच्या त्या वळणदार अक्षरात एक ओळ होती, 'आणि स्वतः न वाचता सही करणारी: कलशेट्टी.' मी काही बोलणार तोवर मुलानं गाडी काढली. बाईंनी हात बाहेर काढून हलवला. त्यात अजून पेन्सिल तशीच होती.